अंतराळातून परतल्यावर उभं राहणं एवढं अवघड का? गुरुत्वाकर्षण, हृदय आणि रक्ताचा प्रवास

मार्च २०२५ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर २८६ दिवसांनी पृथ्वीवर परतले. फ्लोरिडाजवळच्या समुद्रात यान उतरलं, दार उघडलं आणि दोघांनाही धरून बाहेर काढून स्ट्रेचरवर बसवलं. लगेच आपल्याकडचे व्हॉट्सॲप ग्रुप जागे झाले. "बघा काय हालत झालीय", "चालतासुद्धा येत नाही". खरं तर दोघंही हसत होते, हात हलवत होते. एवढा काळ राहून आलेल्या सगळ्यांनाच असं स्ट्रेचरवरून नेतात. ती नेहमीची पद्धत आहे.

पण स्ट्रेचर लागतं कशाला? हाडं आणि स्नायू कमकुवत होतात हे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. त्याच्याही आधी, अगदी पहिल्या काही मिनिटांत जो प्रश्न उभा राहतो तो रक्ताचा असतो. उभं राहिल्यावर रक्त डोक्यापर्यंत पोचणार की नाही? हाच प्रश्न तुमचं शरीर रोज सकाळी अंथरुणातून उठताना सोडवतं, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून अंतराळात जाण्याआधी आपण जमिनीवरच थोडं थांबूया.

आधी स्वतःचा हात बघा

फोन दुसऱ्या हातात घ्या आणि एक हात अर्धा मिनिट खाली लोंबकळत ठेवा. हाताच्या मागच्या बाजूच्या शिरा फुगलेल्या दिसतील. आता तोच हात डोक्याच्या वर न्या. दोन-चार सेकंदांत शिरा सपाट होतात. हात तोच, हृदय तेच, रक्तही तेवढंच. बदलली ती फक्त हृदयापासूनची उंची.

हे पाण्याच्या टाकीसारखंच आहे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्यावर जोरात येतं आणि वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार पडते. रक्ताच्या दर १० सेंटिमीटर उंचीमागे दाबात साधारण ८ मिलिमीटरचा फरक पडतो. डॉक्टर १२०/८० म्हणतात तेव्हा ते पाऱ्याचे मिलिमीटर असतात, तेच हे. आता हिशोब करा. हृदयाजवळ सरासरी दाब ९० च्या आसपास. उभं असताना पाऊल हृदयापासून सव्वाएक मीटर खाली, म्हणजे तिथल्या धमन्यांत जवळपास १९०. मेंदू हृदयाच्या ३० सेंटिमीटर वर, म्हणजे तिथे ७० सुद्धा नाही.

आडवे असता तेव्हा हा फरक जवळजवळ नसतोच. तुम्ही उठून उभे राहता तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त सरळ पाय आणि पोटाकडे सरकतं. शरीराने काहीच केलं नाही तर आपण रोज सकाळी पलंगाशेजारी कोसळलो असतो.

शरीर काय करतं? मानेच्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाब ओळखणारे मज्जातंतू आहेत. दाब जरा उतरला की ते मेंदूला कळवतात. मेंदू हृदयाचे ठोके वाढवतो आणि पाय-पोटातल्या रक्तवाहिन्या आवळतो. सगळं काही सेकंदांत. दुसरी मदत पोटऱ्यांची. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की आतल्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर ढकललं जातं, आणि शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. पोटरीला 'दुसरं हृदय' म्हणतात ते उगाच नाही. शाळेत १५ ऑगस्टला 'सावधान'मध्ये ताठ उभं राहून एखादं पोरगं धाडकन पडायचं, आठवतं? उपाशी पोट आणि ऊन यांचा वाटा असतोच, पण पोटऱ्या हलतच नव्हत्या हेही मोठं कारण. (रांगेत असाल तर पायाची बोटं बुटातल्या बुटात हलवत राहा. मास्तरांना दिसत नाही.)

स्मार्टवॉच असेल तर हे सगळं स्क्रीनवर बघता येतं. पाच मिनिटं शांत पडून राहा, आकडा बघा, मग पटकन उभे राहा. माझ्या घड्याळात पडून असताना ६२ होते, उभा राहिल्यावर काही सेकंदांत ८८, आणि मिनिटभराने ७४ वर स्थिरावले. घड्याळातला हिरवा प्रकाश कातडीखालचं रक्त किती आणि कधी येतंय हे मोजतो; त्यामुळे मनगट हलवू नका, नाहीतर भलतेच आकडे येतील. उभं राहिल्यावर १०-२० ठोके वाढणं साधारण आहे. मिनिटांमागून मिनिटं गेली तरी ३० किंवा त्याहून जास्त वाढ टिकून राहत असेल आणि सोबत चक्कर किंवा धडधड असेल, तर मात्र डॉक्टरांना सांगा.

जिराफाचं काय, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर बरोबर पडला. त्याचा मेंदू हृदयापासून जवळजवळ दोन मीटर वर असतो, म्हणून त्याचा रक्तदाब आपल्या दुपटीच्या आसपास असतो. मग पाय का सुजत नाहीत? कारण त्याच्या पायांची कातडी घट्ट मोज्यासारखी आवळलेली असते. वैमानिकांच्या सूटचा विचार करणाऱ्या संशोधकांनी जिराफाच्या पायाचा अभ्यास केलाय, तो याचसाठी.

फोनला कळतं, आपल्याला कळत नाही

"वर गुरुत्वाकर्षण नसतं" हे वाक्य आपण सर्रास वापरतो, पण ते चूक आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटरवरून फिरतं. मुंबई ते गोवा एवढंही अंतर नाही हे. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. मग माणसं तरंगतात कशी? स्थानक आणि आतली माणसं सगळी मिळून सतत पृथ्वीकडे पडत असतात. फक्त आडवा वेग इतका प्रचंड आहे की पडता पडता पृथ्वीची गोलाई खालून वळून जाते.

तुमच्या फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर आहे. फोन आडवा केला की व्हिडिओ फिरतो, तो याच सेन्सरमुळे. फिफॉक्ससारखं फुकट ॲप टाकलं तर त्याचे आकडे थेट दिसतात. टेबलावर स्वस्थ पडलेला फोन ९.८ च्या आसपास दाखवतो. आता रेकॉर्डिंग सुरू करून फोन हातभर उंचीवरून जाड गादीवर सोडा. पडतानाच्या त्या क्षणात आकडा शून्याजवळ जातो. (गादीच घ्या, फरशी नाही. स्क्रीनचा खर्च माझ्याकडे मागू नका.) त्या पाव सेकंदात फोन जे अनुभवतो, तेच अंतराळवीर सहा-सहा महिने अनुभवतात. टाकीही पडतेय, नळही पडतोय, पाणीही पडतंय. मग वरचा मजला आणि खालचा मजला हा फरकच उरत नाही.

वर गेल्यावर

पहिल्या काही तासांतच पायांकडचा दोनेक लिटर द्रव छाती आणि डोक्याकडे सरकतो. चेहरा गोल आणि सुजल्यासारखा दिसतो, पाय काटकुळे होतात, नाक चोंदतं. स्थानकावरच्या व्हिडिओत कुणाचा चेहरा भरलेला वाटला तर ते वजन वाढलेलं नसतं, रक्त आणि पाणी वर आलेलं असतं.

आता इथे एक गोष्ट घडली जी मला या सगळ्या विषयात सर्वांत मजेशीर वाटते. एवढा द्रव छातीत आला म्हणजे हृदयात येणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब वाढणारच, असं सगळे धरून चालले होते. खात्री करायची तर आत मोजायला हवं. जून १९९१ मध्ये ड्र्यू गॅफनी हे हृदयरोगतज्ज्ञ कोलंबिया शटलमधून गेले ते दंडाच्या शिरेतून हृदयाजवळ पोचवलेली बारीक नळी अंगात घेऊनच. उड्डाणाच्या वेळीसुद्धा ती आत होती. आकडे आले आणि दाब वाढण्याऐवजी चक्क कमी झालेला निघाला. आणि तरी हृदय मात्र जास्त भरलेलं होतं! उत्तर छातीत होतं. जमिनीवर बरगड्या, फुप्फुसं आणि आतले अवयव आपापल्या वजनाने हृदयाला बाहेरून थोडे दाबत असतात. वजन गेलं की हा दाब सुटतो. मुठीत धरलेला फुगा सोडल्यावर जसा आपोआप पसरतो, तसं हृदय कमी दाबातही जास्त भरतं.

शरीराला वाटतं, रक्त फार झालं. तहान कमी लागते, पाण्याचा काही भाग रक्तवाहिन्यांतून बाहेर पडतो आणि काही दिवसांत रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, १० ते १५ टक्क्यांनी घटतो. तिथल्यासाठी हा हिशोब अगदी बरोबर आहे. शरीर परतीच्या तिकिटाचा विचार करत नाही, एवढंच.

हृदय स्नायू आहे, आणि स्नायूला काम कमी झालं की तो वाळतो. रक्त डोंगर चढवायचं नाही, दिवसभर उभं राहायचं नाही. १२ अंतराळवीरांच्या सोनोग्राफीत हृदयाचा आकार ९.४ टक्के जास्त गोल झालेला दिसला होता; परतल्यावर तो पुन्हा लांबट झाला. स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस वर राहिले. त्यांच्या हृदयाचा डावा कप्पा, म्हणजे सगळ्या शरीराला रक्त ढकलणारा भाग, आठवड्याला सरासरी पाऊण ग्रॅमच्या आसपास हलका होत गेला. तेही जवळजवळ रोज व्यायाम करून. ऐकायला भयंकर वाटतं, पण हृदयाचं काम नीट चाललेलं होतं. त्याच अभ्यासात बेन्वा लकोंत या पोहणाऱ्याचीही तपासणी झाली. २०१८ मध्ये तो १५९ दिवस पॅसिफिक महासागरात रोज काही तास पोहत होता, आणि त्याचं हृदयही हलकं झालं. पाण्यात आडवं असलं की हृदयाला चढाव नाहीच. तासन्‌तास हात-पाय मारूनही ती कमी भरून निघाली नाही.

मानेतली गाठ

इथपर्यंतचं सगळं 'शरीर जुळवून घेतं' या खात्यात जातं. ही गोष्ट तशी नाही.

मेंदूकडून येणारं रक्त मानेतल्या मोठ्या शिरेतून खाली उतरतं. जमिनीवर उभं असताना या उताराला गुरुत्वाकर्षणाची मदत असते. वर ती मदत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ अंतराळवीरांच्या मानेतल्या डाव्या शिरेची सोनोग्राफी केली होती. त्यांतल्या ६ जणांत उड्डाणानंतर साधारण ५० व्या दिवशी रक्त थबकलेलं किंवा उलटं वाहताना दिसलं. आणि तपासता तपासता एकाच्या शिरेत चक्क रक्ताची गुठळी सापडली.

त्या अंतराळवीराचं नाव जाहीर केलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. सहा महिन्यांची मोहीम, त्यातले दोन महिने झालेले, त्रास काहीच नाही. केवळ संशोधनासाठी सोनोग्राफी चालली होती म्हणून कळलं. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. आणि सर्वांत जवळचं हॉस्पिटल ४०० किलोमीटर खाली.

नासाने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले रक्ताच्या गुठळ्यांचे तज्ज्ञ स्टेफान मोल यांना विचारलं. स्थानकावर रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा थोडा साठा होता, पण तो जपून वापरायचा होता, कारण पुढचं मालवाहू यान यायला वेळ होता. तरंगत असताना बाटलीतून औषध ओढून घेणं हीसुद्धा कसरतच. द्रव तळाशी बसत नाही. पुढच्या यानातून गोळ्या आल्या आणि इंजेक्शनं थांबली. मधल्या काळात अंतराळवीर स्वतःच मानेवर यंत्र फिरवायचे आणि जमिनीवरचे डॉक्टर चित्र बघून सूचना द्यायचे. एकदा त्यांनी मोल यांच्या घरी थेट फोन लावला, तो त्यांच्या बायकोने उचलला. 'तुम्हाला अंतराळातून फोन आहे' असा निरोप आपल्यापैकी कुणाला मिळणार! उपचार तीन महिने चालले. परतीच्या चार दिवस आधी गोळ्या बंद केल्या, कारण उतरताना इजा झाली असती तर रक्त थांबलं नसतं. पुढे सगळं व्यवस्थित झालं. पण त्यानंतर मानेच्या शिरांकडे कुणी सहज म्हणून बघत नाही.

परतताना

आता कल्पना करा. प्लाझ्मा कमी, हृदय थोडं हलकं, रक्तवाहिन्यांना आवळायची सवय मोडलेली. अशा शरीराला एकदम पूर्ण वजन परत मिळतं, आणि उरलंसुरलं रक्त पायांकडे धावतं. अंतराळवीर उतरण्याआधी मिठाच्या गोळ्या आणि भरपूर पाणी घेतात, म्हणजे रक्तातलं पाणी थोडं वाढतं. अंगात पाय आणि पोट आवळणारे कपडे असतात. रशियन अंतराळवीरांचा 'केंटावर' हा त्यातलाच. स्थानकावर रोज दोन तासांपर्यंत व्यायाम असतोच. या सगळ्याचा उपयोग होतो का? होतो. सहा महिने राहून आलेल्या १२ जणांचा पहिल्या २४ तासांत रक्तदाब मोजत राहिले, तेव्हा रोजची कामं करताना एकालाही चक्कर येऊन पडायची वेळ आली नाही. त्यांना व्यायाम तर होताच, शिवाय उतरल्यावर सलाईन दिलं होतं.

आपले शुभांशू शुक्ला जुलै २०२५ मध्ये १८ दिवस स्थानकावर राहून परतले. त्यांनी सांगितलेला किस्सा फोनवाल्यांना आवडेल: परतल्यावर फोन हातात घेतला तर तो फार जड वाटला. आणि पलंगावर काम करता करता लॅपटॉप बंद करून हवेत सोडून दिला, तरंगेल म्हणून. तो अर्थातच खाली पडला. खाली गालिचा होता म्हणून वाचला. मेंदूची सवय आणि रक्तवाहिन्यांची सवय, दोन्ही परत यायला वेळ लागतो.

गगनयानची पहिली मानवी मोहीम तीनेक दिवसांची आखलेली आहे. तेवढ्यात हृदय हलकं होण्याचा प्रश्न नाही, पण द्रव वर सरकणं पहिल्या दिवशीच सुरू होतं, त्यामुळे आपल्या गगनयात्रींनाही उतरताना ही तयारी लागणारच. खरी कसोटी मंगळाची. प्रवासच सहा-सात महिन्यांचा, उतरल्यावर तिथलं गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के, आणि दारात स्ट्रेचर घेऊन कुणी उभं नसेल. पहिल्यांदा उभं राहायचं ते स्वतःच्या बळावर.

उलटी बाजू: वजन पाचपट झालं तर

लढाऊ विमान जोरात वळतं तेव्हा वैमानिकाचं वजन कितीतरी पट होतं. ५ जी म्हणजे पाचपट. मघाचाच हिशोब: मेंदू ३० सेंटिमीटर वर, तिथवर चढायला एरवी २४ मिलिमीटर दाब लागतो, आता लागतो १२०. हृदयाजवळचा सरासरी दाब ९०. म्हणजे रक्त पोचतच नाही. आधी रंग फिके होतात, मग दिसणं बंद होतं, मग शुद्ध जाते. डोळे आधी जातात कारण डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असतो आणि रक्ताला त्यावरही मात करावी लागते. म्हणून वैमानिक हवेने फुगून पाय-पोट आवळणारा सूट घालतात, मांड्या-पोट ताणून धरतात आणि ठरावीक पद्धतीने श्वास रोखतात-सोडतात. ९ जी सोसतात ते असं. बंगळुरूच्या हवाई दलाच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत याच सरावासाठी माणसाला गरागरा फिरवणारं सेंट्रिफ्यूज आहे.

रॉकेटमध्ये अंतराळवीरांना पाठीवर झोपवतात तेही यामुळेच. जोर छातीकडून पाठीकडे लागला की हृदय आणि मेंदू एकाच पातळीवर राहतात.

पलंग म्हणजे घरगुती अंतराळ

संशोधकांना दरवेळी माणूस वर पाठवणं परवडत नाही. मग ते काय करतात? डोकं ६ अंश खाली राहील अशा पलंगावर निरोगी माणसांना झोपवून ठेवतात, कधी कधी ६० दिवस. जर्मनीत कोलोनला, फ्रान्समध्ये तुलूझला असे अभ्यास होतात. जेवण, आंघोळ, सगळं आडवंच. पैसे देतात, पण मला विचारलं तर नको.

यातला सर्वांत गाजलेला प्रयोग १९६६ चा, अमेरिकेतल्या डॅलसचा. विशीतल्या ५ धडधाकट तरुणांना तीन आठवडे पलंगावर ठेवलं. ३० वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने त्यांची दमसास जेवढी घटली होती, त्यापेक्षा जास्त ती तेव्हाच्या तीन आठवड्यांनी घटवली होती.

हे मी घरात बघितलंय. माझ्या वडिलांचा पाय मोडला तेव्हा ते १९ दिवस पलंगावर होते. पहिल्यांदा उठवायचं ठरलं, तेव्हा फिजिओथेरपिस्टने आधी त्यांना पाय खाली सोडून नुसतं बसवलं. बाबा म्हणाले, "एवढं काय त्यात, उभा राहतो की!" उभे राहिले आणि अर्ध्या मिनिटात चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, डोळ्यांपुढे अंधारी. तिने लगेच आडवं करून पाय वर धरले, दोन मिनिटांत रंग परत आला. पाय प्लॅस्टरमध्ये होता हे खरं, पण अंधारी आली ती रक्तामुळे. तेव्हापासून आमच्याकडे कुणी आजारातून उठलं की नियम ठरलेला: आधी कडेवर मिनिटभर बसायचं, घोटे वर-खाली हलवायचे, घोटभर पाणी, मग उभं राहायचं, आणि शेजारी कुणीतरी हवं. आजी-आजोबा रात्री बाथरूमला उठताना पडतात त्यातल्या कितीतरी घटना अशाच असतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असं होतं. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, गोळी मनाने बंद करू नका.

आणि जाता जाता, घरी रक्तदाब मोजायचं मशीन असेल तर हात कुठे ठेवता ते बघा. दंडाचा पट्टा हृदयाच्या उंचीला हवा. हात खाली लोंबकळत, पट्टा १० सेंटिमीटर खाली असेल तर आकडा सात-आठने जास्त येतो, वर उचलला तर तेवढाच कमी. मनगटावरच्या मशीनमध्ये हा घोळ आणखी मोठा, कारण मनगट मांडीपासून कपाळापर्यंत कुठेही जाऊ शकतं. टेबलावर हात टेकवा, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसा, मग बटण दाबा.